पर्सला हात लावायचा नाही

व्हर्डेलबाई पेटिफोर्ड साठीच्या उंबरठ्यावर गाडी चालवण्याच्या परीक्षेला बसल्या, पहिल्याच झटक्यात पास झाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या यजमानांची झोप उडाली.

यजमान म्हणजे अलॉन्झो पेटिफोर्ड. जॉर्जियातल्या हॅझलबरो गावच्या न्यू गिलियड बॅप्टिस्ट चर्चचे डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचे मानाचे सेवेकरी, आणि आयुर्विम्याचे निवृत्त एजंट. लोकांच्या ओसरीवर बसून, त्यांच्याच घरचा बर्फ घातलेला गोड चहा पीत, ते कोणकोणत्या प्रकारांनी मरू शकतात हे त्यांना समजावून सांगायचं, हा त्यांचा जन्मभराचा व्यवसाय. असा धंदा केलेल्या माणसाला न्हाणीघरातली साबणाची वडीसुद्धा मारेकऱ्यासारखी दिसते. मग स्टिअरिंगमागे बसलेली बायको कशी दिसत असेल, याची कल्पना करा.

"पुढच्या महिन्यात ऑगस्टाला लेकीकडे आपल्या तान्ह्या नातीचा चर्चमधला आशीर्वादाचा रविवार आहे," व्हर्डेलबाई म्हणाल्या. "मी माझी गाडी घेऊन जाणार. एकटी."

"एकटी?"

"देव असेलच बरोबर. पण तो शेजारी बसून ब्रेक लाव, ब्रेक लाव करत नाही, तुझ्यासारखा."

"आणि वाटेत पोलिसानं थांबवलं तर?"

"तर थांबेन. बिचारा उन्हात उभा असेल, पेपरमिंटची एक गोळी देईन."

अलॉन्झोंच्या हातातला काटा ताटात पडला. "कुठून देशील?"

"पर्समधून. नाहीतर काय, झाडावरून तोडून?"

आता या पर्सविषयी सांगायला हवं. न्यू गिलियडमध्ये प्रवचन चालू असताना कुणाला खोकला आला, तर दुसरी उबळ येण्याच्या आत त्याच्या हातात पेपरमिंट पडते. कुठून आली हे कळत नाही. बाकांवरून, टोप्यांमागून, हातोहात येते. त्या पुरवठ्याचा उगम म्हणजे व्हर्डेलबाईंची काळी चकचकीत पर्स. खोकला ऐकला की त्यांचा उजवा हात त्यांच्या परवानगीशिवाय पर्समध्ये जातो. तिसरीच्या वर्गाला शिकवण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे हा हात फारच तरबेज झालेला.

चर्चमध्ये ही भूतदया. रस्त्याच्या कडेला, मागे निळा दिवा फिरत असताना, खिडकीशी पोलीस उभा असताना, काळ्या माणसाने न सांगता पर्समध्ये हात घालणं म्हणजे काय, हे हॅझलबरोत कुणाला सांगावं लागत नाही. इथल्या प्रत्येक घरात मूल सोळा वर्षांचं झालं की बाप दार लावून घेतो आणि एक बोलणं बोलतो. अलॉन्झोंनी ते आपल्या लेकीशी बोलून घेतलं होतं. बायकोशी बोलायची पाळी येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांना एवढंच करायचं होतं: संध्याकाळी जेवणाआधी, घरासमोर गाडी उभी करून, बायकोची थोडी तालीम घ्यायची. बस्स. जगातली बहुतेक मोठी संकटं अशा 'बस्स'पासून सुरू होतात.

अलॉन्झो टॉर्च घेऊन पोलीस झाले आणि त्यांनी काचेवर टकटक केलं. "लायसन्स!"

व्हर्डेलबाईंचा हात सुळकन पर्समध्ये गेला.

"मेलीस," अलॉन्झो म्हणाले.

"काय?"

"तू मेलीस, व्हर्डेल. आधी हात स्टिअरिंगवर. मग म्हणायचं, साहेब, लायसन्स पर्समध्ये आहे, पर्स सीटवर आहे, काढू का? तो हो म्हणाला की मग हळू, मधात हात घातल्यासारखा."

दुसऱ्या खेपेला त्या विम्याचा कागद काढायला वाकल्या आणि मेल्या. तिसऱ्या खेपेला, "साहेब, तुमच्या शर्टाला केचप लागलंय," म्हणत रुमाल काढायला गेल्या आणि मेल्या. रात्रीच्या जेवणाची वेळ होईपर्यंत त्या इतक्यांदा मेल्या की शेवटी म्हणाल्या, "मिस्टर पेटिफोर्ड, तुम्ही आता आत चला. मेलेल्या बाईला भूक लागली आहे."

व्हर्डेलबाई एरवी नवऱ्याला 'अलॉन्झो, तू' म्हणत. 'मिस्टर पेटिफोर्ड, तुम्ही' सुरू झालं की घराला वादळाची सूचना मिळाली असं समजायचं.

हा सगळा प्रकार कुंपणापलीकडून हॉर्टन गिलियम बघत होते. हे निवृत्त न्हावी. दुकान बंद झालं, पण मतं चालूच राहिली. त्यांनी सबंध वेळ एकाच गुलाबाला पाणी घातलं होतं आणि गुलाब आता तळ्यात उभा होता.

"अलॉन्झो, चुकतोयस," ते म्हणाले. "काच दोन बोटंच खाली करायची."

"दोन बोटांतून लायसन्स कसं जाणार?"

"तो त्याचा प्रश्न. माझा साडू तर रेडिओवर भजनं लावून ठेवतो. पोलीस आला की आवाज वाढवतो."

"मग?"

"मग काही नाही. त्याला दर वेळी दंड होतो. पण मन प्रसन्न राहतं." मग ते कुंपणाच्या अगदी जवळ आले आणि त्यांचा आवाज उतरला. "खरं सांगू? मलासुद्धा धड माहीत नाही काय करायचं. मागच्या खेपेला मला थांबवलं तेव्हा स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येईना. तू हे चर्चमध्येच का घेत नाहीस?"

अलॉन्झोंची छाती एकदम फुगली. आपल्याला ज्ञान आहे आणि समाजाला ते हवं आहे, या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी कळणं कुणाही डीकनला झेपत नाही.

चर्चमध्ये काही करायचं म्हणजे समित्या आल्या. विश्वस्त म्हणाले, हॉल मिळेल, पण आधी स्वयंपाक समितीला विचारा. स्वयंपाक समिती म्हणाली, लोक जमणार म्हणजे मासे तळणं आलं. माशांशिवाय लोक जमवण्याची न्यू गिलियडची परंपरा नाही. माशांचं नाव काढताच स्वयंसेवक मंडळ म्हणालं, मग लोकांना जागेवर बसवायला आम्ही हवेच, आणि आम्ही पांढऱ्या हातमोज्यांशिवाय उभे राहत नाही. हातमोजे धुवायला गेले होते, म्हणून कार्यक्रम आठवडाभर पुढे गेला. अशा रीतीने पोलिसाने गाडी थांबवली तर काय करावं हा प्रश्न परिटाकडे अडला.

अखेर बुधवारी संध्याकाळी हॉल भरला. अलॉन्झो बोलायला उभे राहिले. त्यांनी वाहतुकीच्या कायद्याचा उगम सांगितला. मग राज्यघटनेकडे वळले. घटनेच्या वाटेवर त्यांना आपल्या विम्याच्या धंद्यातले तीन दाखले भेटले, त्यांच्याबरोबर ते बरेच लांब गेले. हॉर्टन गिलियम झोपले. मग त्यांच्या शेजारचे झोपले, कारण हॉर्टन त्यांच्या खांद्यावर झोपले होते. नव्वदी ओलांडलेल्या, सगळ्या चर्चला आईच्या जागी असलेल्या मदर ओझेला पहिल्या बाकावरून मोठ्यानं म्हणाल्या, "या पोरानं मला पॉलिसी विकली तेव्हाही असंच झालं होतं. गप्प बसावा म्हणून मी सही केली."

तेव्हा चर्चचे पाळक रेव्हरंड ब्रॉडनॅक्स उठले. "डीकन, आभारी आहे. जरा मी?"

रेव्हरंड ब्रॉडनॅक्स यांचं बोलणं सुरू होतं ते आगगाडीच्या वेळा सांगितल्यासारखं, सपाट. मग एका वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर जातो आणि तिथेच राहतो. ऑर्गनवाला मान वर करतो. पुढचं वाक्य त्या सुराला टेकून उभं राहतं, ऑर्गन त्याला हुंकार देतो, शब्द चालता चालता धावू लागतात, धावता धावता उडतात, आणि मग हे बोलणं की गाणं असं विचारणारा माणूस हॉलमध्ये उरत नाही. नुसतं प्रवचन डोक्यात शिरायला वाट शोधत बसतं. गायलेलं प्रवचन तळपायातून शिरतं. देवाने माणसाला कान दिले ते यासाठीच, बाकी ऐकायचं ते सगळं वरकड, असं त्या वेळी वाटतं आणि घरी आल्यावरही वाटत राहतं.

"गाडी माझी थांबली, रस्त्याच्या कडेला..." रेव्हरंडनी सूर धरला.

"थांबली!" हॉल म्हणाला. हॉर्टन जागे झाले.

"मागं निळा दिवा गं, समोर माझा देव... हात कुठे?"

"स्टिअरिंगवर!"

"जीभ कुठे?"

"दातांच्या आत!"

"काही काढायचं झालं तर?"

"आधी सांगायचं!"

"झडती मागितली तर?"

"नाही म्हणायचं!"

"कसं म्हणायचं?"

"गोड!"

"आणि वाद, माझ्या लेकरांनो... अन्याय झालाय, पोटात आग आहे, खरं आपल्या बाजूला आहे... तो वाद कुठे घालायचा?"

"कोर्टात!"

"रस्त्यावर?"

"नाही!"

"घरी जिवंत पोचून?"

"कोर्टात!"

ऑर्गन तुफान सुटला होता. बायका उभ्या होत्या. हॉलमधल्या प्रत्येकाकडे रस्त्याच्या कडेची एक गोष्ट होती. काहींच्या गोष्टीतलं माणूस घरी परतलं नव्हतं. ती सगळी माणसं त्या संध्याकाळी एका सुरात गात होती, डोळे पुसत आणि हसतसुद्धा. व्हर्डेलबाई डोळे मिटून डोलत होत्या. मदर ओझेला खुर्चीत पाय आपटत म्हणाल्या, "मी गाडी चालवत नाही, पण आता कुणीतरी मला थांबवावंच असं वाटतंय!"

अलॉन्झो कोपऱ्यात आपले मुद्दे पोटाशी धरून उभे होते. आपण महिनाभर घासलेली कढई दुसऱ्यानं येऊन गाण्यानं लख्ख केली, असं त्यांना झालं. पण प्रात्यक्षिक अजून बाकी होतं, आणि प्रात्यक्षिक त्यांचं होतं.

ते शनिवारी सकाळी चर्चच्या पटांगणात झालं. पोलिसाला गणवेश हवा म्हणून अलॉन्झोंनी गायकवृंदाचा काळा पायघोळ झगा चढवला. हातात टॉर्च. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांना अदबीनं आत वळवत होते. त्यांत दोन-तीन गाड्या चर्चच्या नव्हत्याच. आत आल्यावर त्या बिचाऱ्यांना झग्यातल्या माणसानं टॉर्च दाखवून लायसन्स मागितलं. त्यांच्यापैकी एकानं पुढच्या वळणावर पोहोचताच पोलिसांना फोन केला: एक पंथ रस्ता अडवतोय, पुढारी झग्यात आहे, आणि मागे काहीतरी जळतंय.

जळत काही नव्हतं, मासे तळत होते. पण गाडी आली. खरी. तिच्यातून शहर पोलिसातली किम्बल नावाची तरुणी उतरली.

"इथे काय चाललंय?"

"थांबा, थांबा, मी सांगतो!" म्हणत अलॉन्झो दोन्ही हात झग्याच्या खिशात घालून तरातरा तिच्याकडेच निघाले.

"सर, तिथेच थांबा. हात दिसू द्या."

अलॉन्झोंनी हात झटक्यात बाहेर काढले. एका हातात काळी लांब टॉर्च होती. किम्बलबाई एक पाऊल मागे सरकल्या. पटांगणात कढईतल्या तेलाखेरीज कशाचाही आवाज उरला नाही.

"अलॉन्झो," एका गाडीतून व्हर्डेलबाईंचा आवाज आला. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "टॉर्च खाली टाक, राजा. हळू."

टॉर्च खाली पडली. सगळ्यांचा श्वास पुन्हा सुरू झाला. सारं ऐकल्यावर किम्बलबाई हसल्या, तळलेला मासा घेतला, आणि म्हणाल्या, "कार्यक्रम चांगला आहे. पण शिकवणारे तेवढे बदला."

मदर ओझेलांनी तिथेच निकाल दिला. "अलॉन्झो नापास. व्हर्डेल पास. झगा काढून ठेव रे, धुवायला टाकायचाय."

त्या दिवशी अलॉन्झोंनी मासे खाल्ले नाहीत. म्हणजे दोनच खाल्ले.

आता व्हर्डेलबाईंना एकटं जाऊ द्यायला हवं होतं. पण नवऱ्याचं काळीज हे काही समितीच्या निकालावर चालत नाही. निघायच्या दिवशी सकाळी अलॉन्झो आधीच गाडीत बसलेले आढळले, सूट-टायसकट.

"उतर," व्हर्डेलबाई म्हणाल्या.

"फक्त या खेपेला. हे सगळं जमलं तर पुढे तुला कधीही अडवणार नाही. डीकनचा शब्द."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मीच नेत-आणत जाईन. मी जिवंत आहे तोवर."

व्हर्डेलबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. या माणसाला खरंच भीती वाटते आहे हे त्यांना दिसत होतं, आणि ही भीती एकदा गाडीत बसली की जन्मभर उतरणार नाही, हेही दिसत होतं. "ठीक. पण गाडी माझी, माझ्या नावावरची. तू उतारू. उतारू बोलत नाहीत."

मागच्या डिकीत लोणी घातलेला मोठा केक होता, बाळासाठी गोधडी होती. पाइनच्या झाडांचे पिवळे पराग हवेत उडत होते, काच सारखी पुसावी लागत होती. लॉरल फोर्क काउंटीत, म्हणजे वाटेतल्या दुसऱ्या जिल्ह्यात, शिरल्यावर रस्ता नुकताच डांबरलेला, काळाभोर आणि गुळगुळीत. व्हर्डेलबाई मर्यादेच्या दोन मैल खालीच चालवत होत्या. आणि आरशात निळा दिवा फिरू लागला.

"काही केलं नाहीस तू!" अलॉन्झो ओरडले.

"उतारू."

त्यांनी इंडिकेटर दिला, वेग कमी केला, एका बंद पडलेल्या फळांच्या टपरीसमोर मोकळ्या जागेत गाडी नेली, बंद केली. काच खाली. हात स्टिअरिंगवर, दहा बोटं पसरून. पर्स दोघांच्या मध्ये, सीटवर.

काउंटीचा डेप्युटी, म्हणजे तिथला पोलीस, आला. कोवळाच होता, छातीवर टनेल असं नाव. "मॅडम, दोनदा कडेच्या पांढऱ्या रेघेवर चाक गेलं तुमचं."

अलॉन्झोंनी रस्त्याकडे पाहिलं. काळाभोर डांबर. कडेला पांढरी रेघ नव्हतीच; अजून मारलीच नव्हती. त्यांच्या घशातून उकळत्या किटलीसारखा आवाज निघाला. व्हर्डेलबाईंनी डोळा न हलवता मान एवढीशी हलवली. किटली खाली उतरली.

"लायसन्स आणि कागद पर्समध्ये आहेत, साहेब. पर्स सीटवर आहे. काढू का?"

"काढा."

मधात हात घातल्यासारखा हात गेला आणि आला. टनेलनं कागद घेतले, आणि त्याला खोकला आला. पराग. पुन्हा आला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

व्हर्डेलबाईंच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून स्टिअरिंगवरून सुटू लागली. करंगळी. अनामिका. इतक्या वर्षांची भूतदया त्या मनगटात उसळत होती. अलॉन्झोंना ती बोटं दिसत होती, आणि त्यांच्या मनात एकच प्रार्थना चालू होती. मग अनामिका परत टेकली. करंगळी टेकली. व्हर्डेलबाईंच्या कपाळावर घाम आला होता, पण हात जागेवर होता.

अलॉन्झोंना इतकं हायसं वाटलं, बायकोचा इतका अभिमान वाटला, की नागरिकांच्या हक्कांचं जे छापील कार्ड त्यांनी खास करून आणलं होतं, ते या क्षणी साहेबांना दाखवलंच पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

टनेलचा हात कमरेला गेला. "सर!"

"साहेब," व्हर्डेलबाई बोलल्या. तिसरीच्या वर्गात पोरानं कात्री तोंडात धरली की त्या ज्या आवाजात बोलत, तोच तो आवाज, खालचा, रुंद, घाई नसलेला. "माझ्या नवऱ्याचा हात खिशात आहे. खिशात फक्त कागद आहे. तो हात आता रिकामा बाहेर येणार आहे, अगदी हळू. अलॉन्झो, बाळा, हात बाहेर. शाब्बास. समोर ठेव. शाब्बास."

हात बाहेर आला. टनेलचा हात कमरेवरून खाली आला. तिघांनीही श्वास सोडला, आणि त्यात सर्वांत मोठा टनेलचा होता.

त्यानं दंडाची पावती लिहिली. मग जरा रेंगाळून म्हणाला, "गाडीत एक नजर टाकली तर चालेल ना?"

"हो हो, बघा की, केकच आहे नुसता..." अलॉन्झो सुटले.

"साहेब," व्हर्डेलबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात साखर होती, "गाडी माझी आहे. तुमच्याशी माझं भांडण नाही. पण झडतीला माझी संमती नाही. मी जाऊ शकते का?"

टनेलनं त्यांच्याकडे पाहिलं, अलॉन्झोंकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "जा, मॅडम. सांभाळून."

पुढचा पेट्रोल पंप आला. पंपावर गाडी थांबवून व्हर्डेलबाईंनी पर्स उघडली, एक पेपरमिंट स्वतःच्या तोंडात टाकली, एक नवऱ्याच्या, आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून पोटभर रडल्या. अलॉन्झो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि स्वतःही रडत होते. मग त्या सरळ बसल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "रेघ नव्हती तिथं."

"नव्हती! मी तेच..."

"मला दिसत होतं, अलॉन्झो. मीच तर चालवत होते."

नातीचा रविवार थाटात झाला. परतताना व्हर्डेलबाईंनी त्याच टपरीसमोर गाडी लावली आणि रेघ नसलेल्या रस्त्याचे पुष्कळ फोटो काढले, लांबून, जवळून, अलॉन्झोंना कडेला उभं करून आणि त्यांना बाजूला करून. लोक म्हणाले, दंड भरून मोकळ्या व्हा. हॉर्टन गिलियम म्हणाले, "किरकोळ गोष्ट आहे, कशाला जायचं?" व्हर्डेलबाई म्हणाल्या, "रस्त्यावर गप्प बसले ते कशासाठी? त्या दिवशीचं माझं बोलणं अजून शिल्लक आहे."

तारखेच्या दिवशी न्यू गिलियडची व्हॅन भरून माणसं लॉरल फोर्कच्या कोर्टात आली. रविवारच्या टोप्या, हातमोजे, सगळं. दारातच रेव्हरंड ब्रॉडनॅक्सनी बजावलं, "हे देवाचं घर नाही, सरकारचं आहे. इथे कुणी हुंकार द्यायचा नाही."

न्यायाधीश हॅथकॉकबाईंनी विचारलं, "मिसेस पेटिफोर्ड, काय म्हणायचंय?"

व्हर्डेलबाई उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य त्यांनी सपाट सुरू केलं. मी त्या दिवशी रस्त्यावर वाद घातला नाही, मॅडम. दुसऱ्या वाक्याला आवाज जरा वर गेला. अधिकारी म्हणाले, रेघेवर चाक गेलं. मी म्हटलं, लायसन्स काढू का, साहेब. तिसऱ्या वाक्याला मागच्या बाकावर कुणाचा तरी पाय हलू लागला. "पण मॅडम, तिसरीच्या पोराला मी कधी न आखलेल्या रेघेबाहेर लिहिलं म्हणून मार दिला नाही..."

"बोल, सिस्टर!" मदर ओझेला ओरडल्या.

"शांतता!" हातोडा आपटला.

मदर ओझेलांनी तोंडावर हातमोजा धरला. फोटो समोर ठेवले गेले. न्यायाधीशबाईंनी ते एकेक करून बघितले, एक फोटो उलटा करूनही बघितला, त्यात अलॉन्झोंचं अर्धं पोट आलं होतं.

"डेप्युटी टनेल, तिथे रेघ होती का?"

टनेलनं आपल्या बुटांकडे बघितलं. "असायला हवी होती, मॅडम."

"हवी असलेल्या रेघेवर मला दंड करता येत नाही. प्रकरण रद्द."

मग मात्र सरकारी घर की देवाचं हे कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. "आमेन!" असा एक आवाज उठला की भिंतीवरचं घड्याळ हललं. हातोडा आपटत होता, पण न्यू गिलियडच्या टाळ्यांत तो तालावरच पडत होता.

बाहेर पायऱ्यांवर सगळे व्हर्डेलबाईंना मिठ्या मारत होते. टनेलही खाली आला आणि टोपीला हात लावून गेला. अलॉन्झो सवयीनं गाडीकडे निघाले, तशी व्हर्डेलबाईंनी किल्ली मुठीत धरली.

"तू रेव्हरंडबरोबर व्हॅननं घरी जा."

"आणि तू?"

"मी इथूनच ऑगस्टाला जाते. पोरीचा फोन आला होता. बाळाला पहिला दात आलाय."

अलॉन्झो उभे राहिले. हवा ढगाळ होती. पुढे दोन काउंट्या होत्या, तीन पूल होते, एक मोठा चढ होता. टायरमधली हवा, पेट्रोलचा काटा, पावसात ब्रेक कसा लावायचा, सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर रांग लावून उभं होतं.

व्हर्डेलबाईंनी काच खाली केली. "काही सांगायचंय?"

अलॉन्झो वाकले. "बाळाला माझा पापा दे."

गाडीनं इंडिकेटर दिला, चौकात थांबली, वळली, आणि झाडांमागे दिसेनाशी झाली. रेव्हरंड ब्रॉडनॅक्स शेजारी येऊन उभे राहिले.

"कधीपर्यंत पोचतील सिस्टर?"

"त्यांना पोचायचं असेल तेव्हा," अलॉन्झो म्हणाले, आणि व्हॅनमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले.